श्रावणअखेरचं खानापूर: जांबोटी, चोर्ला आणि भीमगडचा काठ

बेळगावकरांना खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं रान माहीत असतं ते बहुतेक गोव्याच्या वाटेवरचं. जांबोटी गेली, कणकुंबी गेली, घाट उतरला, झालं. थोडे लोक पावसाळ्यात धबधब्याला जातात. पण याच रस्त्याच्या कडेला, डांबरापासून वीस-तीस पावलांवर, पश्चिम घाट सोडून जगात कुठेही न आढळणारे प्राणी राहतात. त्यांचे चांगले फोटो थोडे आहेत आणि नीट नोंदी त्याहून थोड्या. देखण्या फोटोला समाजमाध्यमावर दाद मिळते. पण कोणता प्राणी, कोणत्या तारखेला, कशा जागी, काय करताना दिसला हे सांगणारा फोटो त्या जागेच्या बाजूने पुरावा म्हणून उभा राहतो. हा प्रवास अशा फोटोंसाठी होता.

मुहूर्त श्रावणाच्या शेवटच्या आठवड्याचा. आषाढात या पट्ट्यात पाऊस इतका असतो की कॅमेरा पिशवीतून काढायची सोय नसते. दसऱ्यानंतर सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं, सुकतात आणि बेडूक मातीत, पालापाचोळ्यात दिसेनासे होतात. श्रावणअखेरीस मात्र दोन सरींच्या मध्ये अर्धा-पाऊण तासाची उघडीप मिळते, सड्यावर फुलं आलेली असतात आणि ओढे अजून भरलेले असतात.

पहिला दिवस: जांबोटी, कणकुंबी

बेळगावहून जांबोटी तीस किलोमीटरच्या आसपास. शहराचा माळ संपून रान कधी सुरू होतं ते नाकाला आधी कळतं, ओल्या पाल्याचा वास येतो. जांबोटीच्या नाक्यावर चहा घेताना हॉटेलवाल्या काकांनी आभाळाकडे बघून सांगितलं, "आज उघडीप मिळंल तुम्हास्नी. वारं बदललंय." त्यांचा अंदाज दुपारपर्यंत खरा ठरला, मोबाईलवरचा हवामानाचा नकाशा मात्र दिवसभर पाऊसच दाखवत होता. या भागात असे अंदाज चहाच्या टपरीवरच विचारावेत.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. इथं उगम पावलेलं पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमाला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. इथून जवळच, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीच्याच कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, लवादाचा निवाडा २०१८ साली आला. वादात पाण्याचा हिशेब टीएमसीत होतो. रातबेडकांना, म्हणजे इथल्या ओढ्यांतल्या छोट्या बेडकांना, लागतो तो ओढ्याकाठचा सतत ओला राहणारा खडक आणि त्यावर लोंबणारं पान. त्यांची अंडी तिथंच असतात. प्रवाह थोडा जरी घटला तरी पहिल्यांदा सुकतो तो हाच काठ. म्हणून या ओढ्यांचे फोटो काढताना फक्त बेडकाचा चेहरा घेऊ नये. ओढ्याची रुंदी, पाण्याची पातळी, काठावरची झाडं दिसतील असा एक रुंद फोटो प्रत्येक प्राण्यामागे घ्यावा. पाच वर्षांनी तुलना करायला हाच फोटो लागतो.

मुक्काम गावातल्या एका घरी. श्रावण असल्यामुळे ताटात खेकडे नव्हते, पण नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, अळंबीचं कालवण आणि वर उकड्या भाताची पेज. अळंबी रानातली, पण घरच्या मावशींनीच वेचलेली. कोणती खायची आणि कोणती नाही हे त्या वारुळाची जागा आणि देठाचा खालचा भाग बघून ठरवतात. बाहेरच्या माणसाने हा प्रयोग करू नये.

*दमट हवा आणि कॅमेरा.* पावसाच्या थेंबापेक्षा इथली दमट हवा कॅमेऱ्याला जास्त खाते. लेन्सवर बुरशी धरते ती आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की, आणि या दिवसांत ती नव्वदच्या खाली येत नाही. उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि रात्री कॅमेरा, लेन्स, फ्लॅश सगळं त्यात. सिलिका नारिंगी रंगाची घ्यावी. ती ओलावा पिऊन हिरवी झाली की शंभर ते एकशेवीस अंशांवर तापवून पुन्हा नारिंगी करता येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते घरच्या कढईत कधीही तापवू नयेत. गाडीत एसी लावू नका. थंड झालेली लेन्स बाहेर काढली की तिच्यावर धुकं धरतं आणि ते जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात उघडीप संपते.

रात्री आठनंतर रस्त्याकडेची झुडपं बघत चाललो. हेडलॅम्पचा झोत मंद ठेवून, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या सावकाश बघायच्या. एका वेलीवर मलबार चापडा हा विषारी साप वेटोळं घालून बसलेला दिसला, तपकिरी रंगाचा. याच जातीचे चापडे हिरवे, पिवळे, राखाडी असेही असतात, त्यामुळे रंगावरून ओळख पटवायला जाऊ नये. त्रिकोणी डोकं, डोळा आणि नाकपुडी यांच्या मधला खळगा आणि खवल्यांची ठेवण दिसेल असा बाजूने घेतलेला फोटो ओळखीला पुरतो.

चापडा भक्ष्याची वाट बघत एकाच जागी कित्येक दिवस बसून राहतो. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही सोय, सापाच्या दृष्टीने धोका. एकदा जागा कळली की रोज रात्री कोणीतरी येऊन दिवे मारतं, काठीने मान वळवतं, "जरा चांगल्या" फांदीवर नेऊन ठेवतं. साप शिकार सोडून निघून जातो. आम्ही पाळतो तो नियम असा: दोन मीटरच्या आत जायचं नाही, फांदी हलवायची नाही, पाच-सहा फोटो झाले की दिवा काढून पुढं चालायचं. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स एवढ्या अंतरावरून सापाचा अख्खा देह आणि आजूबाजूची पानं दाखवते, आणि चापड्याचा खरा फोटो तोच. त्याचं लपणं त्यात दिसतं.

दंशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट माहीत हवी. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा नाही, उपचार लक्षणांप्रमाणे करावे लागतात. म्हणून घरी थांबायचं असं नाही. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता, हात किंवा पाय न हलवता, खानापूर किंवा बेळगावच्या रुग्णालयात लगेच जायचं. रात्री निघण्याआधी गाडीचं तोंड परतीच्या दिशेला करून ठेवावं आणि मोबाईलला रेंज कुठं येते तो टप्पा बघून ठेवावा. कणकुंबीपुढे रेंज बऱ्याच ठिकाणी जाते.

दुसरा दिवस: चोर्ल्याचा सडा

सकाळी धुकं इतकं की दहा पावलांवरची म्हैस आधी घंटेनं कळत होती. नऊच्या सुमारास वर उजळलं आणि सडा दिसला. जांभ्या दगडाचं सपाट पठार, मातीचा थर बोटभर, ठिकठिकाणी घोट्याएवढं पाणी. मातीत कस नाही म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे पकडायची सोय करून घेतली आहे. सीतेची आसवं निळ्या-जांभळ्या फुलांनी सडा भरून टाकतात, पण त्यांचे सापळे पाण्यात, मुळांच्या जागी असतात. पिनेच्या टोकाएवढ्या त्या पिशव्यांत पाण्यातला बारीक जीव ओढला जातो. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यावर बसलेला चिलटासारखा किडा सुटत नाही. गेंदाची पांढरी डोकी आणि तेरडा जागोजाग.

या फुलांचे फोटो काढायला माणसं सड्यावर पालथी पडतात, आणि एका फुलासाठी पन्नास रोपं अंगाखाली चिरडली जातात. उघड्या दगडावर पाय ठेवत जायचं, बसायचं ते दगडावरच, आणि कॅमेरा तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवून जमिनीलगत ठेवायचा. ट्रायपॉड लागणार असेल तर त्याचे पाय दगडावरच रोवावेत. गाडी तर सड्यावर घालूच नये. टायरची एक चाकोरी पडली की साचलेलं पाणी त्या वाटेने वाहून जातं, वरच्या बाजूचं डबकं मुदतीआधी सुकतं आणि त्यातले डिंभ, म्हणजे बेडकांची पाण्यातली पिल्लं, मरतात. चोर्ल्याजवळ अशा चाकोऱ्या आता दिसायला लागल्या आहेत. त्यांचे फोटो फुलांच्या फोटोंइतकेच जपून ठेवावेत असं आमचं मत आहे.

फुलाचा फोटो घेताना भर दुपारचं ऊन टाळा. पातळ ढगाखालचा उजेड सर्वांत चांगला. लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ/८ ठेवलं तर फूल स्पष्ट आणि मागची फुलं रंगाच्या ठिपक्यांसारखी येतात. एफ/१६ ला गेलात तर मागचं गवतही तीक्ष्ण येऊन फूल हरवतं.

सड्याखाली भातशेती आहे. बांध दुरुस्त करणारे एक काका खोऱ्याने चिखल ओढत होते. कॅमेरे बघून त्यांनी हाक मारली, "हे काय हाय बघा जरा. परवा असलंच एक मारलं पोरानं, दुतोंड्या म्हणून." चिखलात हातभर लांबीचं, काळपट जांभळं, दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा असलेलं देवगांडूळ होतं.

देवगांडूळ हा गांडूळही नाही आणि सापही नाही. तो बेडकाचा नातलग, बिनपायांचा उभयचर. अंगावर कड्या, डोळे कातडीखाली गेल्यासारखे बारीक, आणि डोळा नि नाकपुडी यांच्या मधे एक छोटी संवेदक सोंड, तिच्या आधाराने तो मातीत वास घेत चालतो. मादी मातीतल्या बिळात अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांची राखण करते. याच चोर्ला परिसरातल्या नमुन्यांवरून २०११ साली पिवळ्या पट्ट्यांच्या एका मोठ्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, शास्त्रीय नाव इक्थिओफिस डेव्हिडी. समोरचं त्याच जातीचं होतं का, हे नुसत्या फोटोवरून ठामपणे सांगणं बरोबर नाही. कड्यांची संख्या, दातांची ठेवण असं बरंच तपासावं लागतं. म्हणून नोंदीत "पट्टेरी देवगांडूळ" एवढंच लिहिलं.

त्याचा फोटो चिखलात होता तसाच घेतला. पांढऱ्या ताटात ठेवून घेतलेले फोटो छान दिसतात, पण त्याची कातडी कोरडी पडली तर त्याला श्वास घ्यायला अवघड जातं, कारण त्याच्या श्वासाचा काही भाग कातडीवाटे होतो. डोकं बाजूने, धडाचा मधला भाग पट्टा दिसेल असा आणि शेपटीचं टोक, असे तीन फोटो ओळखीला उपयोगी पडतात. दोन मिनिटांत तो बांधाच्या कडेला मातीत शिरला. काकांना मोबाईलवर डोळा मोठा करून दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्यो आमची मातीच उकरतोय म्हणा की. मारायला नको सांगतो पोरास्नी." दुपारी त्यांच्याच घरी ताक आणि पोहे झाले, आणि दुतोंड्याची बातमी आमच्याआधी वाडीभर पोचली होती.

संध्याकाळी पाणवठ्याजवळ मलबार उडता बेडूक. पाठ हिरवीगार, बोटांमधले पडदे तांबडे, देह हाताच्या तळव्याएवढा. उंच फांदीवरून झेप घेताना तो पडदे ताणून तरंगत खाली येतो, नऊ-दहा मीटरपर्यंत. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर त्यांचं फेसाचं घरटं होतं. मादी अंडी घालताना अंगातून सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते, पानं त्याभोवती चिकटतात, आणि काही दिवसांनी डिंभ फेसातून खालच्या पाण्यात टपकतात. फांदी खाली ओढून फोटो काढला आणि सोडली, की ती मूळ जागेवर येतेच असं नाही. घरटं पाण्याऐवजी काठाच्या वर आलं तर सगळी पिल्लं जमिनीवर पडून मरतात. म्हणून लांब लेन्स घ्यावी, नाहीतर फोटो सोडून द्यावा.

ओल्या बेडकावर फ्लॅश मारला की पांढरे ठिपके उठतात. उजेडाचा उगम लहान आणि लांब असतो हे त्याचं कारण. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम दुहेरी करून फ्लॅशपुढे वीतभर रुंद बांधला की उजेड मऊ होतो. शटर १/२००, छिद्र एफ/११, आयएसओ ४००, आणि फ्लॅशची ताकद हाताने एक अष्टमांशच्या आसपास. आपोआप मोडवर ठेवलात तर अंधाऱ्या पार्श्वभूमीमुळे फ्लॅश जास्त जळतो आणि बेडकाची पाठ पांढरी येते.

हात लावायचा नाहीच, आणि त्याचं कारण नुसती शिस्त नाही. जळवा-डास यांच्यासाठी आपण जे मलम फासतो ते बेडकाच्या कातडीतून थेट आत जातं. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पुरतात. गावातली माणसं तंबाखूचं पाणी लावतात, तेही ओढ्यात उतरण्याआधी धुवावं लागतं. मोज्यात मीठ भरून ओढ्यात उतरू नका. जळू लागलीच तर नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं काही नाही. जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांतही आढळली आहे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना बुटांच्या तळाचा चिखल ब्रशने काढून, ओढ्यापासून लांब धुवून, बूट कडक वाळवावेत. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत, म्हणून दोन जोड न्यावेत. मलप्रभेच्या बाजूला एक, म्हादईच्या बाजूला दुसरा.

रात्री उजेड देणारी बुरशी. कुजलेल्या ओंडक्यावर फिकट हिरवट उजेड, तो दिसायला सगळे दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं अंधारात थांबावं लागतं. चांदण्याची रात्र असेल तर जाऊच नये. आधी टॉर्चच्या उजेडात फोकस नक्की करून लेन्स मॅन्युअलवर टाकायची, मग टॉर्च बंद, छिद्र एफ/२.८, आयएसओ १६००, शटर तीन-चार मिनिटं उघडं. लाकूड उचलून घरी नेऊ नये. ओल गेली की उजेड विझतो आणि रानातलं लाकूड तेवढं कमी होतं.

तिसरा दिवस: हेम्माडगा आणि भीमगड

खानापूरहून हेम्माडग्याची वाट धरली की दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, जांभूळ, हिरड्याचं दाट रान. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि धबधब्याच्या आवाजावर शीळकरी कस्तुराची शीळ येत होती, माणसाने वाजवल्यासारखी. एका उंच झाडावर शेकरू, त्याच्या पुढच्या वळणावर मलबार राखी धनेशाची जोडी. गव्यांचे खूर रस्त्याच्या चिखलात ताजे होते.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र १९० चौरस किलोमीटर. आकाराने फार मोठं नाही, पण जागा मोक्याची आहे. एका बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, उत्तरेला महाराष्ट्रातल्या तिलारीचा पट्टा, जो २०२० साली संवर्धन राखीव झाला. वाघ, रानकुत्री, गवे या सगळ्यातून ये-जा करतात. म्हादईत २०२० च्या जानेवारीत चार वाघ मेलेले सापडले, विषप्रयोगाने. गुरं मारली गेली, त्याचा राग त्यामागे होता. मेलेल्या म्हशीची भरपाई वेळेवर हातात पडणं हे वाघ वाचवायचं काम आहे, आणि ते तिन्ही राज्यांत सारखं झालं तरच उपयोगाचं.

अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, फोटोग्राफीसाठीही परवाना लागतो. खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करावी, कारण पावसाळ्यात वाटा बंद असतात आणि नियम हंगामाप्रमाणे बदलतात. ड्रोन नेऊच नये. अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर होतं, बोलणं मात्र मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये कशातही चालतं. भेटलेला वनरक्षक एका वाक्यात तिन्ही भाषा बोलत होता. आम्ही रस्ता आणि त्याने दाखवलेला काठ एवढ्यावरच राहिलो. तो म्हणाला, "फोटो टाका की, पण ओढ्याचं नाव टाकू नकासा. नाव टाकलं की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग." नंतर त्याने क्लच वायरचा फास दाखवला, झुडपातून काढून आणलेला. दुचाकीच्या गॅरेजात मिळणारी ही तार भेकरासाठी, रानडुकरासाठी लावतात, पण तिच्यात बिबट्याही अडकतो. रानाच्या कडेने चालताना गुडघ्याच्या उंचीवर वाकवलेली फांदी आणि खाली तारेचा गोल दिसला तर हात न लावता फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि थेट वनखात्याला कळवावी. या रानातला सर्वांत कामाचा फोटो कदाचित हाच ठरेल.

आता बारापेडे गुहेबद्दल. भीमगडच्या रानातली ही गुहा वटवाघळांच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहे. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी, याचं वर्णन १९१३ साली इथल्याच नमुन्यांवरून झालं. कान मोठे, पुढे झुकलेले, तोंडाच्याही पुढे जाणारे. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट पट्टा, शेपटी पंखांच्या पडद्याबाहेर मोकळी. जवळजवळ शतकभर ही जात जगात फक्त या एका गुहेत आहे असं मानलं जात होतं. पुढे कंबोडियात आणि मेघालयात ती सापडली, तरी बारापेडेचं मोल त्याने कमी होत नाही.

आम्ही तिथं गेलो नाही आणि कोणी जाऊही नये. वटवाघळाची मादी साधारण वर्षाला एकच पिल्लू घालते. विश्रांतीच्या वेळी दिव्याने, फ्लॅशने, माणसांच्या आवाजाने वसाहत उठली की लहान पिल्लं छतावरून खाली पडतात, आणि पुन्हा पुन्हा त्रास झाला तर वसाहत गुहा सोडते. अशी वसाहत उठली तर सात-आठ फोटोंच्या बदल्यात शंभर वर्षांची नोंद असलेली जागा रिकामी होईल. परवानगी असलेले अभ्यासक आवाज नोंदवणाऱ्या यंत्रांनी, गुहेबाहेरून, संध्याकाळी मोजणी करू शकतात. हौशी कॅमेऱ्याचं तिथं काम नाही.

अभयारण्यातल्या वाड्यांची गोष्ट निराळी. गवळी, कोंगळा, पास्तोली अशा वस्त्यांना पावसाळ्यात ओढे चढले की दवाखाना, शाळा, बाजार सगळं तुटतं. पुनर्वसनाची चर्चा कित्येक वर्षं आहे. रस्त्यात भेटलेल्या एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरं म्हणतात जाऊया. म्हाताऱ्यांचा जीव इथंच हाय." त्यांच्या पाठीवर घोंगडं, हातात कोयता, आणि ते ज्या वाटेने आत गेले त्या वाटेवर अर्ध्या तासापूर्वी गव्याचे खूर दिसले होते. रानाचे फोटो काढणाऱ्यांनी हे चेहरे टाळू नयेत. विचारून, नाव न लिहिता, पण टाळू नयेत.

चौथा दिवस: परत, आणि रस्त्यावरचे मेलेले

परतीला पहाटे निघालो ते रस्ता बघत. पावसाच्या रात्री डांबर उबदार राहतं, बेडूक आणि साप त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. मेलेल्या प्राण्याचा फोटो कोणाला नको असतो, पण कोणत्या वळणावर कोणती जात किती मरते हे कळल्याशिवाय गतिरोधक कुठं मागायचा ते सांगता येत नाही. फोटो काढताना शेजारी सहा इंची पट्टी ठेवावी, किलोमीटरचा दगड नोंदवावा, आणि मृतदेह काठीने रस्त्याच्या बाहेर करावा, नाहीतर त्याला खायला येणारी घार किंवा मुंगूस पुढच्या गाडीखाली जातं. रात्री जांबोटी ते चोर्ला चाळीसच्या वर वेग नको.

घरी आल्यावरचं काम फोटो निवडण्याआधी नोंदीचं. तारीख, वेळ, समुद्रसपाटीपासून उंची, पाऊस चालू होता की नाही, प्राणी कशावर बसला होता, किती उंचीवर, काय करत होता. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना जागा अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडावा. समाजमाध्यमावर टाकण्याआधी फाईलमधली जीपीएसची माहिती काढून टाकावी आणि पार्श्वभूमीत ओळखता येणारा पूल, देऊळ, पाटी नाही ना हे बघावं. "खानापूर तालुका" एवढं लिहिणं पुरे. चापडा, देवगांडूळ, धनेशाचं घरटं यांच्या बाबतीत तर गावाचं नावही नको.

बांधावरच्या काकांना देवगांडळाचा फोटो हवा होता, वाडीच्या शाळेत लावायला. तो ए-थ्री आकारात छापून घ्यायचा, खाली नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि त्याखाली एक ओळ: "हा साप नाही, मारू नका." चमकदार लॅमिनेशन ओल्या भिंतीवर फुगतं आणि ट्यूबलाईटमध्ये चित्र दिसत नाही. मॅट लॅमिनेशन करून चारी कडा अर्धा इंच बाहेर बंद करायच्या. गणपतीच्या सुट्टीआधी शाळा उघडी असते तोवर ते पोचवायचं आहे.